कोथिंबिरीला चिठ्ठी नसते

मंगळवारी घणसोलीच्या नाक्यावर
गुणाबाय जुडी हातात देताना म्हणाली,
"धुवाची न्हाय दादा. धुतली का मेली."
मी मान हलवली.
घरी येऊन धुतली.

बत्तीस वर्षं तुर्भ्याच्या कारखान्यात
पिंपांवर चिठ्ठ्या चिकटवल्या मी:
कधी भरलं, कुठवर टिकेल, खाली सही.
कोथिंबिरीला चिठ्ठी नसते.
तिला नाक लागतं,
आणि माझं नाक तिसऱ्या शेडमध्येच राहिलं.
कुठल्या पाळीला गेलं, सांगता येत नाही.
एका सकाळी चहा नुसता गरम लागला,
एवढंच.

घराचं नाक वसुधा.
फ्रीजचं दार उघडून उभ्या उभ्या निकाल द्यायची,
शेपू आजच, पुदिना उद्यापर्यंत,
कढीपत्ता अजून चार दिवस दम धरेल.
मी पेपराआडून हूं म्हणायचो.

आता ती नेरुळला, मैथिलीच्या बाळंतपणाला.
फोनवरून शिकवते:
देठं ग्लासात उभी करा, पाणी बोटभर,
वर पिशवी, पण तिचा गळा आवळू नका.
पुदिना ओलसर फडक्यात.
कढीपत्ता ओरबाडून, पुसून, कोरड्या डब्यात.
पिवळं पान म्हणजे म्हातारं, ते चालतं.
काळं आणि बुळबुळीत, ते गेलं.
"आणि शंका आली तर वास घ्या,"
म्हणाली,
मग दोघंही गप्प.
पलीकडे बाळ रडलं म्हणून बरं.

गुरुवारी ग्लासातलं पाणी गढूळलं.
शुक्रवारी जुडीच्या पोटात बोट घातलं.
वरून हिरवीगार,
आत थंड शेवाळ.
देठ मोडायला गेलो, तो मोडलाच नाही, वाकला.
पिंपावरची तारीख वाचावी
इतकं स्पष्ट कळलं मला.

तरी जुडी डब्यात भरली
आणि बस पकडली.
पावणे गेलं. तुर्भे गेलं,
आमच्या गेटावर आता कुरिअरवाल्यांचं गोदाम आहे.
डबा मांडीवर.
शेजारचा माणूस उठून पार पुढे जाऊन बसला.
मला वाटलं, उतरायचं असेल.

वसुधाने दारातच झाकण उघडलं.
एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.
"धुतलीत ना?"
हो म्हणालो.
"आणि हे कळलं नाही तुम्हाला?"
यावर मी चपला काढत बसलो
जरा जास्तच वेळ.

तिने जमिनीवर पेपर पसरला.
बाळ झोपलं होतं, पंखा हळू होता.
एकेक काडी उचलून नाकाशी नेत
ती डावीकडे टाकत राहिली, डावीकडे,
परत डावीकडे.
उजवीकडे शेवटी सात काड्या जमल्या.
"ह्या आहेत अजून," म्हणाली,
आणि चिरून आमटीवर घातल्या.

मी दोनदा वाढून घेतली.
गरम होती.