ब्रिक्स

अंबडच्या कारखान्यात माझं काम एवढंच :
टँकर लागला की एक थेंब काचेवर घ्यायचा,
खिडकीकडे धरून एक डोळा मिटायचा
आणि रेघ जिथे थांबेल तो आकडा
तारखेसमोर लिहायचा.

सत्त्याहत्तर.
काल सत्त्याहत्तर, संक्रांतीला सत्त्याहत्तर,
निफाडला दवबिंदू गोठले त्या सकाळीही.
पाण्यासारखा स्वच्छ, वास नाही.
गेटपासवर लिहितात : मका.

मका मला माहीत आहे.
गंगापूर धरणाच्या भिंतीपाशी निखाऱ्यावर तडतडतो,
लिंबू-मीठ चोळून घेतला की ओठ झोंबतात,
घरी येईपर्यंत दाढेत एक दाणा राहतो
आणि जीभ रात्रभर तिथेच जाते.
हा दाढेत राहत नाही.
हा कुठेच राहतो असं वाटत नाही,
आणि असतो सगळीकडे :
सॉसमध्ये, जॅममध्ये, बिस्किटाच्या पोटातल्या मलईत,
आंब्याचं चित्र असलेल्या बाटलीत.

टँकरवाले बेंडकुळे सांगतात,
एकदा पाइप सुटला, हात भरला,
घोटीपर्यंत स्टिअरिंग सोडेना.
हसतात. मग म्हणतात,
मुंग्यांनी मात्र बरोबर ओळखलं बघा, मॅडम.
मुंग्या लेबल वाचत नाहीत.
मी वाचते. भिंगाने. तिसरा शब्द, कधी दुसरा.

तात्यांनी साखर सोडली त्याला सहा वर्षं झाली.
कुणाकडे गेले की आधी सांगतात, माझा कोरा, बिनसाखरेचा.
सगळे मान डोलावतात, केवढा निग्रह.
आणि शुगरची गोळी
संत्र्याच्या बाटलीतल्या घोटाबरोबर घेतात.
फळच आहे ना ते, म्हणतात.

रविवारी मोहाडीला गेले
तेव्हा पर्समध्ये बुचभर नमुना होता.
आईचं यंत्र कोनाड्यात असतं, जुन्या मोज्यात गुंडाळलेलं.
तोडा ठरवायला ती घडाच्या शेंड्याचा मणी घेते,
खांद्यावरचा नाही, तो आधी गोड होतो, फसवतो.
सावलीच्या बाजूचा घेते.
पंधरा, म्हणते. चार दिवस थांब.
सोळा. व्यापाऱ्याला म्हण, बुधवारी ये.
मी थेंब टाकला. ती ओट्यावर गेली, उन्हाकडे वळली.
बराच वेळ बघत राहिली.

काही दिसत नाही गं. रेघच नाही.
सगळं पांढरं.

आकडे बत्तीसला संपतात यावर, मी म्हटलं.
मग हे काय आहे?
मी सांगितलं. कशाकशात असतं तेही.
ती काहीच बोलली नाही.
काच पदराने पुसली. चिकट.
पुन्हा पुसली, रांजणावर जाऊन धुतली,
आणि समोरच्या वेलीचा एक मणी चिमटीत फोडून
त्याचा रस लावला.

अठरा.
यंत्र बरं आहे, ती म्हणाली,
मला वाटलं बिघडवलंस.

आतून तात्यांनी विचारलं,
फ्रीजमधली ती बाटली
कुणी संपवली का?