नक्षी शाबूत

जुनी मशीन घेताना मी आधी
सुईच्या पुढ्यातला पाट बघते.
कापड सरकवताना बाईच्या बांगड्या घासतात
ती जागा. सोनेरी वेल तिथून जायला लागते.
वेल शाबूत असली की समजायचं,
हिच्यापाशी कुणी बसलंच नाही.

नवरात्राला दीड महिना.
बाबाजीपुऱ्यातल्या माझ्या खोलीत मशिनी चार
आणि चणिया-चोळीच्या ऑर्डरी सात मशिनींच्या.
म्हणून इलियासभाईचा टेम्पो सांगून
तीन रविवार बडोदं पालथं घातलं.

मकरपुऱ्यातल्या मशीनवर टीव्ही होता.
टीव्ही उचलला, क्रोशाचा रुमाल उचलला,
खाली नवरीसारखी काळीभोर, चकचकीत.
"लग्नमां लावेली," सासरे म्हणाले,
"एके टांको नथी मार्यो!"
जणू सुनेचा गुणच सांगत होते.
सून दुधाकडे बघत उभी.
दूध उतू जायला अजून अवकाश होता.

गोत्रीच्या डॉक्टरीणबाईंकडे पावतीसुद्धा जपलेली.
"शिकायचं होतं हो," म्हणाल्या,
आणि पावतीची घडी उलगडून पुन्हा घातली.
घासाघीस केलीच नाही त्यांनी.
मीच काय सुचलं, दोनशे वर दिले
आणि अकोट्याच्या पुलापर्यंत स्वतःला बोल लावत आले.

तिसरी दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर.
कुमुदिनीबाई रणदिवे, वय एक्क्याऐंशी.
"बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात तारा जोडल्या.
ह्यांनी हौसेनं आणली ही. मला न विचारता.
मीही हिला कधी विचारलं नाही."

खणात एक मांजरपाटाची चिंधी.
तिच्यावर निळ्या दोऱ्याच्या चार ओळी, सरळसोट,
मशीन पोचवायला आलेल्या माणसानं शिवून दाखवलेल्या.
बॉबिनवर तोच निळा दोरा, जवळजवळ भरलेला.
पन्नास वर्षांत तेवढंच काम.

चाक मात्र हलेना.
झिजलेली मशीन कशीही चालते,
बसून राहिलेलीच्या तेलाचा डिंक होतो.
मी पिशवीतून रॉकेलची बाटली काढली,
सांध्यासांध्यात थेंब सोडले,
वाळून तडकलेला पट्टा काढून नवा चढवला.
तोवर बाईंनी लीली चा टाकला.
अर्ध्या तासानं चाक कुरकुरलं,
मग खोकल्यासारखा आवाज, मग नुसतीच खटखट.

मी सुई ओवली, चिंधी दाबाखाली सरकवली,
तेवढ्यात बाई म्हणाल्या, "उठा. मला बसू द्या."
बसल्या. चष्मा कपाळावरून खाली घेतला.
पहिल्यांदा चाक उलटं फिरलं, दोरा तुटला.
"पाय नाही, आधी हात," मी म्हटलं.
दुसऱ्यांदा गेली. गेली ती थांबेचना,
चार सरळ ओळींच्या खाली पाचवी,
वाकडी, मधेच दाट, मधेच विरळ,
चिंधीची कड ओलांडून रिकाम्या हवेत
चार टाके मारून आली.

बाईंनी चिंधी खिडकीच्या उजेडात धरली.
मागून पाहिली, पुढून पाहिली.
मग म्हणाल्या, "तीनशे वाढवा."
"का हो? ठरलं होतं की."
"मघाशी मी बंद मशीन विकत होते."

यावर मी काय बोलणार?
दिले.
चहा मात्र दुसरा कप मागून घेतला,
तेवढं तरी वसूल.
इलियासभाई खालून हॉर्न देत होता.

आता ती माझ्या खोलीत, खिडकीखाली.
जसोदा म्हणते, बाकीच्या दोन ठीक आहेत,
ही पायाला जड लागते, बेन.
होईल हलकी, म्हटलं,
पन्नास घेर तरी होऊ देत.