पाऊणकी

टाकीत पाणी आहे, भरपूर आहे,
तरी तांदूळ धुतलेलं पाणी मी अजून
पातेल्यात धरून ठेवते
आणि त्यात कालचे चमचे बुडवते.
सून म्हणाली, आई, नळ आहे हो.
मी म्हटलं, हो, आहे.

पाच महिने आम्ही सव्वीस फुटांत राहिलो,
अच्युत आणि मी.
दाभोळ, जयगड, विजयदुर्ग,
पुढे देवगडला बारा दिवस,
कारण सुकाणूची पिन तुटली
आणि तसली पिन देवगडात मिळेना.
शेवटी सातपूरहून, त्याच्या जुन्या कारखान्यातल्या
बाळू पगारेने लेथवर करून
एसटीच्या पार्सलने पाठवली,
द्राक्षांच्या पेटीत, कागदाच्या कातरणात.
त्यापुढचा समुद्र
आम्ही नाशिकच्या पिनेवर फिरलो.

लोक सूर्यास्ताचं विचारतात.
सूर्यास्ताला मी बहुतेकदा खाली वाकून
होडीच्या तळातलं पाणी डब्याने उपसत असे
आणि तो वरून ओरडत असे,
अगं, बघ तरी!

पहाटे मतलई आहे तोवर निघायचं,
दुपारी खारा वारा उठला की शीड आखडायचं.
भात नांगर टाकल्यावरच.
कुकर दोरीने बांधलेला.
एकदा मीही.

जयगडच्या पुढे भांडण झालं,
त्याच्या बहिणीच्या व्याह्यांवरून,
किनाऱ्यापासून चार मैल आत,
जिथे ना बहीण होती ना व्याही.
दोन दिवस बोललो नाही.
पण शीड फिरवताना त्याला ‘सोड’ म्हणावं लागे
आणि मला ‘धरलं’ म्हणावं लागे,
नाहीतर दोघंही पाण्यात.
सोड. धरलं.
सोड. धरलं.
तिसऱ्या दिवशी दुपारी आधी तो हसला.
मी नाही.
मी संध्याकाळी, त्याचं लक्ष नसताना.

इथे तीन खोल्या आहेत.
इथे माणूस आठवडाभर रुसू शकतो.

आमची ‘टिटवी’ आता गंगापूर धरणाच्या काठी
ट्रेलरवर, निळ्या ताडपत्रीखाली.
रविवारी डबा घेऊन तिला भेटायला जातो.
अच्युत दर वेळी पाण्यात बोट बुडवतो, जिभेला लावतो,
गोड, म्हणतो,
कुणाची तरी तक्रार केल्यासारखा.
समुद्र त्या डोंगरांच्या मागेच तर आहे.
आणि ही गोदा त्याच्याकडे पाठ करून
अख्खा देश आडवा चालत
दुसऱ्याच समुद्राला जाते.
हिला कुणी सांगावं.

संध्याकाळी अंजनेरीकडून वारा येतो,
गॅलरीतली चादर फुगते,
आणि तो हातातला चहा खाली ठेवतो.
काही करत नाही.
फक्त चहा खाली ठेवतो.

रात्री दोनला मला जाग येते. माझी पाळी.
तो गॅलरीत उभा असतो,
पाण्याच्या टाकीवरचा लाल दिवा
आणि समोरच्या बिल्डिंगचा कोपरा
एका रेषेत आहेत का, बघत.
नांगर सुटला की आधी असल्या रेषा मोडतात.
सरकलो नाही आपण, म्हणतो.
तिसऱ्या मजल्यावर.
मी हसत नाही. म्हणते, जा, झोप, मी बघते.
आणि तो खरंच जातो,
पाच मिनिटांत घोरतो.

मग मी आणि भिंतीवरचं कॅलेंडर.
आज सप्तमी.
शाळेत पाऊणकी पाठ करताना
गुरुजींनी छडी उगारली होती,
ती कशासाठी, हे मला साठाव्या वर्षी
दाभोळच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने सांगितलं:
तिथीची पाऊणपट करायची, बाई,
भरतीची वेळ येते.
सात पाऊण सव्वापाच.
भांगाची भरती, फार चढायची नाही.

सव्वापाचला पाइपात आधी हवा खाकरते,
मग पाणी येतं.
मी बादली नळाखाली सरकवते,
आणि आतल्या खोलीकडे तोंड करून,
तो झोपलाय हे माहीत असून,
हळूच म्हणते,
धरलं.