वादी

म्हशीच्या कातड्याची चकती, परातीएवढी,
रात्रभर घमेल्यात भिजलेली.
केवळाआत्या म्हणाली, हिच्यातून तीस हात वादी निघती.
मी चकतीकडं बघितलं, मग तिच्याकडं.
ती मिश्री लावत होती.

गंगाखेड. आठवडी बाजारामागची बोळ,
तापलेल्या पत्र्याखाली आम्ही दोघी.
फळीत रोवलेलं पातं हलत नाही.
हलायचं ते कातड्यानं.
पात्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढं लांब
अंगठ्याचं नख उभं धरायचं
आणि तेवढ्या फटीतून
ओढत राहायचं, कडेकडेनं, गोल,
चकती लहान होत जाते, मांडीवर वादी साचत जाते.

ऐकायला सोपं.
माझी पहिली वादी अडीच हातांवर तुटली.
दुसरी कुठं गांडूळ, कुठं दोरा.
तिसरीला अंगठाच कापला,
आणि मी रडले नाही, कारण आत्यानं
माझ्याकडं न बघता
हळदीची डबी नुसती पुढं सरकवली.

"कामून ओढतीस एवढी?
आदुगर कातडं वळख.
पाठीचं घट असतंय, पोटाकडं आलं की ढिलं पडतंय.
म्हैस तरी कुठं सगळीकडं सारखी असती?"

मग हळूहळू बोटांना म्हैस सापडायला लागली.
ही कुशीची बाजू, हात हलका.
हा गोचिडाचा जुना व्रण, इथं वळसा घे.
आणि इथं एकदा, पाठीवर,
काठीचे दोन वळ, शेजारी शेजारी,
धुऊन, कमावून, रंगवूनही राहिलेले.
तिथं पातं जरा अडलं.
मीही.

प्रत्येक चकतीच्या पोटात शेवटी
एक तुकडा उरतो, ज्याला नख टेकवता येत नाही.
आत्याचे तुकडे चिंचोक्याएवढे.
माझे रुपयाएवढे, जिथं धीर सुटला तिथले.
ती फेकत नाही एकही,
डालड्याच्या डब्यात टाकते.
तळाशी तिच्या सासूचे आहेत म्हणे,
काळे पडलेले, हलवले की वाजतात.

दत्तजयंतीच्या सप्ताहाआधी मुंजाजी आला,
पखवाज काखेत, चपला पायातच.
माझी वादी पहिल्यांदा वाद्यावर चढली.
आत्यानं पाय लावून ओढली, घराघरातून घेतली,
गट्टे ठोकले.
मी दाराशी उभी, उगीच पदर पिळत.

मुंजाजीनं शाईवर बोट टेकवलं. ऐकलं.
खोड थोडं फिरवून परत टेकवलं.
"हे घर उतरतंय. कुणी कापली ही वादी?"

"मीच," आत्या म्हणाली.
"डोळे गेले बाबा आता."

त्यानं हातोडी मागितली, दोन ठोके दिले,
पैसे मोजले, दहा रुपये कमी,
आणि गेला.

संध्याकाळी ती डोळे गेलेली बाई
चिमणीच्या उजेडात तांदूळ निवडत बसली,
खडा दिसला की नखानं उडवायची,
थेट उंबऱ्याबाहेर.
मला काही म्हणाली नाही.
मी घमेलं भरलं,
नवी चकती पाण्यात बुडवली.
ती वर वर येत होती. तिच्यावर दगड ठेवला.