पीळ

भोसरीत, लांडेवाडीच्या मागच्या गल्लीत
एका पत्र्याच्या शेडला पाटी नाही.
इलाही शिकलगारच्या त्या दारात आबांची गाडी,
नाक नसलेली, चपट्या तोंडाची,
भिंतीकडं तोंड करून उभ्या केलेल्या पोरासारखी.

आधी मागचा फाळका निघाला,
मग बाजूच्या फळ्या.
गंजलेले बोल्ट त्यानं ग्राइंडरनं कापले.
ठिणग्या थेट शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याच्या डब्यावर.
तो ओरडत आला, चहा प्यायला, गेला.
संध्याकाळी उरलं एवढंच:
केबिन, आणि मागं दोन लांब पोलादी पट्ट्या,
कुणीतरी आडवी टाकून विसरलेली शिडी.
फारच बारीक झाली, मी म्हटलं.
"हीच खरी," इलाही म्हणाला,
"बाकी सगळे कपडे."

या गाडीचं इंजिन पुढं नाही,
ते ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसतं.
आबांच्या डाव्या मांडीवर केस नव्हते.
या माणसाचा अर्धा भाग बारमाही उन्हाळ्यात राहतो,
आई म्हणायची.
इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून मी झोपायचे,
उशाशी डबा, डब्यात भाकरी,
नगर येईपर्यंत दोघीही गरम.
झाकणाचं रेग्झिन फाटलंय.
बदलू का, त्यानं विचारलं.
मी नुसतीच मान हलवली.

डेक थेट वेल्ड कर चेसिसला, मी म्हटलं,
कायमचं होऊन जाईल.
त्यानं तोंडावरची काच बाजूला केली.
"ताई, चेसिसला टाका मारायचा नाही.
घाटात ती पीळ खाते. खाऊ द्यायचा.
जखडली की तडकते,
आणि तडकते ती टाक्याच्या शेजारीच,
जिथं आपल्याला वाटतं, आता चिंता नाही.
यू-बोल्टनं नुसतं धरायचं.
मधे लाकूड घालायचं.
लोखंडावर लोखंड बसलं
की दोघंही एकमेकांना खातात."

लाकूड म्हणताना त्यानं फळ्यांच्या ढिगाकडं पाहिलं.
त्या मी सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या,
घरी न्यायला.
कशाला, ते विचारू नका. कॉट करू, असं काहीतरी.
बाभूळ. तिच्यावरून गेलेला कांदा, सिमेंट,
कोल्हापूरचा गूळ,
एकदा धाकट्या चुलत्याचं अख्खं वऱ्हाड, बँडसकट.
सुतळी मीच सोडली.
करवत चालली तेव्हा वास आला.
गुळाचा, मी म्हटलं.
"डिझेलचा," इलाही म्हणाला.

चौदा फुटी दोन पट्ट्या, अंगठ्याएवढ्या जाड,
तुकडे जोडून केलेल्या.
त्यांच्यावर चॅनेल, चॅनेलवर आडवे अँगल,
सगळ्यात वर चेकर प्लेट.
ओळंबा, गुण्या, शिव्या,
अकरा दिवस.
आता त्या पट्ट्या कुणालाच दिसत नाहीत.

मोशीला आरटीओत साहेबांनी टेप लावली.
"आधी काय होती?"
उघडी बॉडी.
"आणि आता?"
आणखी उघडी.
ते हसले नाहीत. शिक्का मारला.

पहिलं भाडं कुदळवाडीतून जेजुरीला,
अडीच टनांचा लेथ.
सोबत लेथवाले गुंजाळ,
त्यांनी आपला डबा न विचारता झाकणावर ठेवला.
दिवे घाटाच्या दुसऱ्या वळणावर
गाडी पुढून डावीकडं झुकली, मागून उजवीकडं,
आणि खालून आवाज आला,
झोपेत कुणी कूस बदलावी तसा.
माझी डावी मांडी भाजत होती.

गुंजाळ दचकले. "काय वाजलं?"
लाकूड.
"अहो, या गाडीत लाकूड कुठंय?"
त्यांनी वळून मागच्या काचेतून पाहिलं,
जिथून इतकी वर्षं फक्त फळ्या दिसायच्या.
लेथ होता, तीन साखळ्या,
आणि खाली, बराच खाली,
मस्तानी तलाव.