बासष्ट किलो

सावद्याच्या वजनकाट्यावर मी अकरा वर्षं रात्रपाळी केली.
केळीचे ट्रक यायचे, रिकामे तोलायचो, भरून तोलायचो,
मधल्या वेळात पावत्यांच्या पाठीवर
खून करायचो.

वाईट खून.
धुकं, टेकडीवरचा बंगला, पियानो वाजवणारा कुणी इनामदार.
पियानो मी पाहिलेला नव्हता. धुकं पाहिलं होतं,
जानेवारीत केळीबागेवर बसतं तेवढंच.
हस्तलिखितं पुण्याला जायची, यायची.
पोस्टमन नेहेते पाकीट तळहातावर तोलून म्हणायचा,
"लीलाधरभाऊ, गेलं तेवढंच आलं. घट नाही."

भुसावळला, पिठाच्या गिरणीवर, सिंधूताईंची लायब्ररी.
आडनाव झोपे, आणि बाई रात्र रात्र वाचायच्या.
रहस्यकथांची शेवटची पानं त्या
ब्लेडनं कापून गल्ल्यात ठेवत.
पुस्तक परत आणा, मग इथेच उभ्यानं वाचा खुनी कोण ते.
एकही पुस्तक बुडालं नाही त्यांचं.
माझी वही दिली. पंधरा दिवसांनी गेलो.
शेवटची पानं जागेवरच होती.
"कापायची गरज वाटली नाही," म्हणाल्या,
आणि चहा मागवला, तो मी प्यालो,
कारण उठून जायला पाय लागतात.

मग तो मे महिना. रात्रीचे अडीच, पत्रा अजून तापलेला,
माठातलं पाणीसुद्धा कोमट.
एक ट्रक भरून आला, दिल्लीचा.
बागेतल्या तोलाची चिठ्ठी एक सांगते, माझा काटा दुसरं.
फरक बासष्ट.
दोन घड नव्हेत. चार फण्या इकडे-तिकडे नव्हेत.
बासष्ट किलो म्हणजे
माझा धाकटा साडू, चपलांसकट.

ड्रायव्हर खाली उतरला नाही.
"पानी मारेल असीन पाल्यावर, दुसरं काय."
मी पावती फाडली.
ट्रक बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागला,
मागचा एकच दिवा पेटत होता.

त्याच पहाटे पहिलं वाक्य आलं. बंगला नाही, पियानो नाही.
सात महिने लिहीत होतो: पाल्याचा वास, दोरखंड,
तापीच्या पुलावर गिअर बदलतानाचा आवाज,
डब्यातली कळण्याची भाकरी, मुंग्या लागलेली.
बायको म्हणाली, मेलेल्याला या खेपेला
आपल्याकडचं आडनाव तरी द्या.
दिलं, फेगडे.
(पुढे फैजपूरचे एक फेगडे भांडायला आले,
सही घेऊन गेले.)

सिंधूताईंना वही दिली, शेवटची अकरा पानं
मी स्वतः कापून काट्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.
चौथ्या दिवशी भर उन्हात एसटीतून उतरल्या,
डोक्यावर ओला रुमाल, पायात मुलाच्या सपाता.
"काढ," म्हणाल्या.
काट्याच्या फळीवरच उभ्यानं वाचलं.
मागे दोन ट्रक हॉर्न देत होते. मी आत आकडा बघत होतो.
तो काटा दहा-दहानं चढतो, माणसाला नीट मोजत नाही,
पण हलला.
वाचून झाल्यावर काही बोलल्या नाहीत.
पानं पदराआड घेतली आणि म्हणाल्या,
"ही आता माझ्या गल्ल्यात."

आता नऊ पुस्तकं झाली. जळगावात वरच्या मजल्यावर खोली आहे,
थंड हवेचं यंत्र आहे, ते चालू असलं की सुचत नाही.
परवा पुण्याहून फोन होता:
पुढच्या वेळी जरा वेगळं, साहेब,
थोडं धुकं वगैरे, एखादा बंगला.

मुलाखतीत विचारतात, पहिली कल्पना कुठून आली.
मी उकाड्याबद्दल बोलतो, सिंधूताईंबद्दल बोलतो.
पाणीच असेल ते. पाल्यावर मारतात पाणी, मे महिन्यात सगळेच मारतात.
पुढे कुठल्या पेपरात काही आलं का,
मी पाहिलं नाही. म्हणजे पेपर येत होता.

त्या पावतीची दुसरी प्रत माझ्याकडे आहे.
मागच्या बाजूला कादंबरीचं पहिलं वाक्य,
पुढच्या बाजूला, फरकाच्या रकान्यात,
माझ्याच अक्षरात, शून्य.