ब-सात

भिंती मालगाडीनं आल्या.
अठ्ठावन्नचा चैत्र. घुग्गुसच्या सायडिंगला
उतरल्या, मधे तणसाचे पेंढे घालून,
काचेची भांडी असावीत तशा.
प्रत्येकीवर डांबरानं अक्षर आणि आकडा.
सात भिंती, छपराच्या दोन फळ्या, एक दार : झालं घर.
दिवसाला तीन, असं डबीर ओव्हरसियर म्हणे.
आणि माझा बाप लटारी,
जो गावात एक कूड लिंपायला
आठ दिवस घ्यायचा, वर दोन दिवस नुसता बघत बसायचा,
तो क्रेनच्या साखळीखाली उभा राहून
"खाली, अजून खाली" एवढंच ओरडे.

दोनशे चाळीस घरं.
पहिल्या पाळीला सगळ्या कड्या एकदम वाजायच्या.
बिसाहू रात्रपाळीहून येऊन
मल्लेशच्या खाटेवर निजला एकदा.
मल्लेशच्या बायकोनं तांब्याभर पाणी दिलं,
मग तोंड पाहिलं.
त्यानंतर बायांनी दारं वेगळी केली :
कुणी चुन्याचे पाच ठिपके, कुणी दोऱ्यात ओवलेले बिब्बे,
आत्राम मास्तरणीनं मोहाची डहाळी.

आम्हाला खूण लागली नाही.
बसवायच्या दिवशी बापाला ताप होता,
किंवा शिशीतली होती
(आईचं आणि त्याचं यावर कधी जमलं नाही).
ब-सात उलटी बसली.
दोनशे एकोणचाळीस घरांत दिव्याचा कोनाडा
माणसाच्या खांद्याशी. आमचा गुडघ्याशी.
अक्षरही डोक्यावर उभं.
चुन्याचे कितीही हात द्या,
मे महिन्यात डांबर पाघळून वर यायचंच.

डबीर नोंदवही घेऊन आला. काढून पुन्हा बसवू, म्हणाला.
आई चुलीपुढून उठलीही नाही.
"राहू द्या जी. पोट्ट्याचा हात पुरते."

तर त्या अख्ख्या कॉलनीत
तिन्हीसांजेला दिवा लावणारा
चार वर्षांचा माणूस मी एकटाच.
मांजरीनं त्यात दोनदा पिलं घातली,
तेवढे दिवस दिवा उंबऱ्यावर.

पुढं बापाला दमा. खाट भिंतीला लावली
आणि कोनाडा नेमका त्याच्या हाताशी आला :
बिडीचं बंडल, गोळ्या, चष्मा, खाणीचं बिल्ला-कार्ड.
एका रात्री म्हणाला,
"मुद्दाम बसवली होती ते. सांगू नको कोनाले."
खोटं बोलत असणार.
मी पाणी दिलं.

आता खाण उघडी झाली, कॉलनीखालीच कोळसा.
घरं जशी आली तशीच निघताहेत,
सांध्यांतून, दिवसाला वीस.
मी भंगारवाल्याला पंधराशे दिले.
ब-सात साखळीला लटकून हळूहळू फिरते आहे,
कोनाड्यात काजळी, अजून.
हायड्रावरचा पोरगा खिडकीतून वाकून विचारतो,
"काका, वरची बाजू कोनती?"